अपेक्षेहून दृढ अवतरण

वर गेलेले यंत्र खाली येतेच. ते किती सावकाश आले यावर त्याला आगमन म्हणायचे की अपघात, हे ठरते. आणि ते ठरवायला समिती असते. समिती नसती तर माणसे नुसती पडली असती, पण का पडली हे त्यांना कधीच कळले नसते. (समिती असूनही कळत नाही, पण ते रीतसर कळत नाही. हा फरक लहान नाही.)

डोंगरमाथ्यावरच्या त्या गावाला हेलिकॉप्टर उतरवायचा तळ मिळाला, तो आजाऱ्यांसाठी. रस्त्याने मोठे इस्पितळ सहा तासांवर, हवेतून वीस मिनिटांवर. तळ बांधून दीड वर्ष झाले होते आणि या काळात तिथून एकही आजारी गेला नव्हता, कारण उद्घाटन व्हायचे होते. उद्घाटनापूर्वी आजारी पडायला बंदी नव्हती. लोक आपल्या जबाबदारीवर पडत होते.

या तळावर एकच कायम कर्मचारी होता. हुद्दा वातदिशा निरीक्षक, वर्ग तीन, वय त्रेपन्न. त्याला सगळे पिशवीमास्तर म्हणत. तळाच्या कडेला एक उंच खांब, खांबाच्या टोकाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांची लांब कापडी पिशवी, दोन्हीकडून उघडी. वारा तिच्या तोंडातून शिरतो आणि शेपटाने निघून जातो. वरून वैमानिक बघतो, पिशवीचे तोंड जिकडे, तिकडून वारा. आणि त्या वाऱ्याला सामोरे जात यंत्र खाली आणतो. वारा पाठीमागून घेतला, त्यात माथ्यावरची हवा विरळ आणि वजन जास्त, की यंत्र आपल्याच पंख्याने खाली ढकललेल्या हवेत रुतते आणि दगडासारखे खाली येते. एवढीच विद्या. पण मास्तर ती सव्वीस वर्षे मनापासून करत आला होता. रोज सकाळी शिडी लावून वर चढायचा, पिशवीची कडी सहज फिरते ना ते बोटाने पाहायचा, दोन थेंब तेल सोडायचा. सगळ्या खात्यात वरिष्ठ आले म्हणून दिशा न बदलणारी ही एकच, असे तो बायकोला सांगायचा. बायको म्हणायची, "म्हणूनच तिला बढती नाही. आणि तुम्हालाही."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी शिष्टाचार अधिकारी पाहणीला आले. हा गृहस्थ कामाला वाघ. त्यांनी गालिचा मोजला (बावीस मीटर), खुर्च्या मोजल्या (तीनशे चाळीस, पैकी गादीच्या अठरा), विकास मंडळाच्या अध्यक्षांच्या खुर्चीवर स्वतः बसून पाहिले, आणि बसल्या बसल्या वर बघितले.

"हे काय आहे?"

"वाऱ्याची पिशवी, साहेब."

"ते दिसतंय. पण मंचाकडे शेपूट का केलंय तिनं?"

"वारा दरीकडून येतोय ना. म्हणून तोंड दरीकडे."

"आणि उद्या?"

"या दिवसांत सकाळी दरीकडूनच असतो."

"म्हणजे अध्यक्षसाहेब दीड तास इथं बसणार आणि ही त्यांच्याकडे शेपूट करून हलवत राहणार. फोटोत कसं दिसेल? तोंड मंचाकडे करा."

"साहेब, तोंड वारा ठरवतो."

अधिकाऱ्यांनी हातातली यादी चाळली. "वाऱ्याला निमंत्रण आहे का?"

"नाही."

"मग त्याचं कशाला ऐकताय? तार आहे ना तुमच्याकडे?"

मास्तरने घसा खाकरला. "लेखी मिळालं असतं तर…"

"एवढ्याशा गोष्टीला लेखी? तुमच्यावर विश्वास आहे खात्याचा."

ज्या माणसावर सव्वीस वर्षांत प्रथमच विश्वास टाकला जातो तो जरा गडबडतोच. मास्तर शिडी चढला. तारेचे आठ वेढे घेऊन त्याने पिशवीची कडी जखडली, शेपटात पुठ्ठ्याची नळी बसवली, म्हणजे ती वारा नसतानाही भरल्यासारखी दिसावी. खालून अधिकारी म्हणाले, "वा! आता कशी अदबीत वाटतेय."

संध्याकाळी घरी आला तेव्हा बायकोने त्याच्या बोटांवरचे तारेचे ओरखडे पाहिले आणि सगळी हकीकत काढून घेतली.

"अहो, मग वरच्या बाईला कळणार कसं?"

"वॉकीटॉकीवर सांगेन ना. जुन्या ओळखीची आहे ती."

"आणि ते नाही चाललं तर?"

"लाल निशाण आहे."

"आणि ते नाही दिसलं तर?"

"तू जरा शुभ बोलशील का?"

वरची बाई म्हणजे कॅप्टन. सगळ्या डोंगरी भागातली एकमेव हेलिकॉप्टर चालवणारी, पस्तिशीची, मोजके बोलणारी. मास्तरला ती काका म्हणायची. पूर्वी तो ज्या तळावर होता तिथे ती शिकाऊ असताना उतरायची, आणि उतरली की पहिले वाक्य, "काका, तुमची पिशवी खरं बोलते हं." मास्तर हे वाक्य पगारवाढीसारखे जपून ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकीटॉकी सूत्रसंचालकाला देण्यात आला. बँडवाल्यांना कधी वाजवायचे ते सांगायला त्याला तो लागणार होता. मास्तरने दोनदा मागितला. सूत्रसंचालक म्हणाला, "काका, पाहुणे उतरले की देतो."

तिकडे खाली शहरात, अध्यक्षांना घेऊन हेलिकॉप्टर निघण्यापूर्वी, त्यात उद्घाटनाची संगमरवरी पाटी चढवण्यात आली. पहिली पाटी आठवडाभर आधी ट्रकने वर गेली होती, पण तिच्यावर अध्यक्षांच्या हुद्द्यात एक काना कमी पडला होता. नवी पाटी एकशे अठरा किलोची. मखमलीत गुंडाळून चार माणसांनी ती मागच्या कप्प्यात सरकवली तेव्हा कॅप्टनला पुढच्या बाजूला पुष्पगुच्छ देण्यात येत होता. वजनाच्या तक्त्यात पाटीची नोंद "लेखी साहित्य, नग एक" अशी झाली. यात खोटे काही नाही. तिच्यावर लिहिलेले होतेच.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी हेलिकॉप्टर दिसले. गालिच्याच्या दोन्ही बाजूंना सहाशे माणसे हातात निशाणे घेऊन उभी होती. कॅप्टनने नियमाप्रमाणे एक फेरी मारली, पिशवी पाहिली आणि दरीच्या बाजूने, नाक मंचाकडे करून, खाली यायला सुरुवात केली. वारा येईल तशी पाठ द्यावी, असे जुनी माणसे सांगून गेली आहेत. यंत्राने ते तंतोतंत पाळले. (म्हण माणसांच्या नोकरीसाठी आहे, हेलिकॉप्टरसाठी नाही, हे म्हणीत स्पष्ट केलेले नाही.)

मास्तर लाल निशाण घेऊन गालिच्यावरून धावला. "फिर! माघारी फिर!" तो ओरडत होता. सूत्रसंचालकाने वॉकीटॉकीवरून खूण दिली आणि बँड सुरू झाला. सहाशे निशाणे हलत होती, त्यात सहाशे एकावे. एका छायाचित्रकाराने त्याचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तो "स्वागतासाठी बेभान झालेला कर्मचारी" म्हणून छापून आला. फोटो चांगला आहे. डोळ्यांतले पाणीसुद्धा दिसते.

शेवटच्या चाळीस फुटांत यंत्र रुतले. आवाज वाढला, यंत्र थरथरले आणि मग आवाज तसाच राहून ते नुसते खाली आले. खालचे दोन्ही पाय बाहेर फाकले, शेपटाकडचा भाग मोडून गवतात गेला, आणि पाटी कप्प्याचे दार फोडून गालिच्यावर येऊन दुभंगली. एका तुकड्यावर अध्यक्षांचे नाव, दुसऱ्यावर हुद्दा. दोन्हींची ताटातूट अध्यक्षांनी त्यापूर्वी कधी पाहिलेली नव्हती.

मास्तर पहिला पोचला. कॅप्टनने इंधन बंद केले होते. ती हलत नव्हती, पण बोलत होती.

"मागचे सगळे आहेत का?"

"आहेत. अध्यक्षांची जीभ चावली गेलीय. स्वीय सहायकाचा घोटा गेलाय. बाकी आहेत."

"काका," ती म्हणाली, "वारा कुठून होता?"

मास्तरला खोटे बोलता आले असते. सगळ्या गावात त्या क्षणी खरे विचारणारे आणि खरे सांगू शकणारे असे दोघेच होते.

"दरीकडून," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले.

अध्यक्षांची जीभ सुजल्यामुळे भाषण रद्द झाले. तळाचे उद्घाटन मात्र झाले, कारण मोडक्या हेलिकॉप्टरमधल्या चौघांना रस्त्याने इस्पितळात न्यावे लागले आणि तळ आजाऱ्यांसाठीच होता, हे सिद्ध झाले.

चार दिवसांनी समिती नेमली गेली. पाच सदस्य: एक निवृत्त न्यायमूर्ती, एक पुलांचे अभियंता, सांस्कृतिक विभागाच्या संचालिका (पाटीमुळे), एक सदस्य प्रवासभत्त्याची अट पूर्ण करत होते म्हणून, आणि सदस्य-सचिव म्हणून शिष्टाचार अधिकारी. घटनेची इत्थंभूत माहिती असलेला माणूस समितीत हवा, असे वर ठरले. त्यांच्याइतकी माहिती खरोखरच कोणाला नव्हती.

मास्तर इस्पितळात गेला. कॅप्टनच्या कमरेतला एक मणका चेपला होता. छातीपासून मांडीपर्यंत प्लास्टर. तो बाहेरच्या बाकावर तासभर बसला, मग आत गेला, आणि स्टुलावर न बसताच म्हणाला, "तार मी बांधली."

तिने छताकडे बघतच विचारले.

"कोणी सांगितलं?"

त्याने सांगितले.

"शेवटी शेवटी मला गवत दिसलं होतं," ती म्हणाली. "गवत मंचाकडे झुकलेलं आणि पिशवी उलटी. मला वाटलं, पिशवी काकांची आहे. गवत काय, कसंही उगवतं."

मास्तरला यापेक्षा तिने कानफटात मारलेली परवडली असती.

"मी खालून ओरडत होतो, बाई."

"दिसलात. मला वाटलं तुम्ही खूश आहात." तिने मान वळवायचा प्रयत्न केला, जमले नाही. "काका, रडू नका, नर्स मला ओरडतात. लिहून द्याल का हे?"

"देतो."

"मी चुकले असेन तर माझं लिहू दे. पण जे झालं ते लिहू दे. मला परत उडायचंय."

त्याने लिहून दिले. बायकोने शुद्धलेखन तपासले, आणि तो खाली सही करत असताना त्याचा हात धरून ती म्हणाली, "नोकरी गेली तर जाऊ दे. शिवणयंत्र आहे माझं." मग दोघांनी ते पत्र पुन्हा एकदा मोठ्याने वाचले. पाटी कोणी चढवली हे त्यांना ठाऊक नव्हते, पण तार कोणी सांगितली आणि कोणी बांधली हे त्यात स्वच्छ होते.

समितीसमोर एकसष्ट साक्षी झाल्या. मोठा आवाज ऐकला, असे चव्वेचाळीस जणांनी सांगितले. नऊजण अल्पोपाहाराच्या रांगेत होते. सातजणांनी कार्यक्रम चांगला झाल्याचे नमूद केले. हेलिकॉप्टर वरून खाली येत होते याबाबत मात्र संपूर्ण एकमत होते. एकसष्टावा साक्षीदार मास्तर. त्याने खिशातून तारेचा उरलेला तुकडा काढून टेबलावर ठेवला.

न्यायमूर्तींनी चष्मा लावला. "हे काय?"

"याच तारेनं मी पिशवी जखडली होती. साहेबांच्या सांगण्यावरून." त्याने सदस्य-सचिवांकडे बोट केले नाही, नुसते पाहिले.

सदस्य-सचिव शांतपणे लिहीत होते. वर न बघता त्यांनी विचारले, "आदेश लेखी होता?"

"नाही."

"मग तो आदेश नव्हे, संभाषण."

"साहेब, पण तार मीच बांधली. एवढं तरी लिहा."

"स्वतः केलेल्या कामाचा उल्लेख वार्षिक गोपनीय अहवालात करावा," सदस्य-सचिव सौम्यपणे म्हणाले. "इथे आत्मस्तुती नको."

पुलांच्या अभियंत्याने तार हातात घेऊन वाकवून पाहिली. "चांगली आहे," तो म्हणाला. "गंजलेली नाही." त्याप्रमाणे नोंद झाली: तार, नग एक, सुस्थितीत.

कारणमीमांसेला सात महिने लागले. सुरुवातीला कारणे चौदा होती. वजन वगळले, कारण लेखी साहित्याला वजन असते असा पायंडा पडला तर सगळी कार्यालये अडचणीत येतील, असे अभिलेख विभागाने कळवले. वारा वगळला, चाळीस किलोमीटरवरच्या हवामान केंद्रात त्या सकाळी वारा पडलेला होता आणि केंद्र पडताळणीत उत्तीर्ण होते. बँड वगळला. वॉकीटॉकी वगळला, कारण तो संपूर्ण वेळ चालू होता आणि चांगल्या हातात होता. तीन आठवडे केवळ शब्दावर गेले. "आदळणे" हा शब्द शासनाला शोभत नाही, "कोसळणे" अतिशयोक्त वाटते. संचालिकाबाईंनी "अपेक्षेहून दृढ अवतरण" असे सुचवले आणि सगळ्यांनी टेबल वाजवले.

शेवटी दोन कारणे उरली. एक, गुरुत्वाकर्षण. दोन, वैमानिक. गुरुत्वाकर्षण कोणत्या विभागाकडे येते याची विचारणा केली असता एकाही विभागाने त्याचा स्वीकार केला नाही. उरली कॅप्टन. निष्कर्ष असा: "वैमानिकाने दिशादर्शक पिशवीवर आवश्यकतेपेक्षा अधिक विश्वास ठेवला." शिक्षा: उड्डाणपरवाना पाच वर्षे स्थगित. शिफारस: एकसारखेपणासाठी सर्व सदतीस तळांवरील पिशव्यांची तोंडे मंचाकडे कायम करावीत. आणि हे काम जाणणारा खात्यात एकच अनुभवी माणूस असल्याने त्याला पदोन्नती देऊन प्रशिक्षक नेमावे.

पदोन्नतीचे पत्र मास्तरने बायकोला वाचून दाखवले. ती म्हणाली, "शेवटी झाली तर बढती." दोघांना हसू येईना. दुसऱ्या दिवशी त्याने "मला हे काम येत नाही" अशा एका ओळीचा नकार दिला, शिडी लावली आणि चौकशीसाठी इतके महिने तशीच ठेवलेली तार तोडली. पिशवी गर्रकन फिरून दरीकडे तोंड करून उभी राहिली. तारेच्या नुकसानीबद्दल त्याला ज्ञापन मिळाले.

मात्र कोणी असे समजू नये की जनतेला विचारले गेले नाही. अहवाल चारशे बारा पानांचा झाला आणि मास्तरचे पत्र जसेच्या तसे, एकही शब्द न गाळता, परिशिष्ट ढ मध्ये, पान तीनशे सत्याऐंशीवर छापले गेले. पाटीचे खरे वजनही तिथेच पुढच्या पानावर आहे. ज्या चौघांनी ती उचलली त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले होते. मग अहवाल तीस दिवस नागरिकांच्या हरकतींसाठी खुला ठेवण्यात आला: मुख्य कार्यालय, तिसरा मजला, खोली सात, वेळ अकरा ते एक. एक हरकत आली असती तरी निष्कर्षाचा फेरविचार करणे बंधनकारक होते. कॅप्टनची हरकत चालणार नव्हती, कारण तिचा हितसंबंध होता. मास्तरची चालणार नव्हती, कारण तो साक्षीदार होता. बायकोची चालणार नव्हती, कारण ती मास्तरची बायको होती.

मास्तरने महिनाभराची रजा टाकली आणि खोली सातबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. तत्पूर्वी तो घरोघर फिरला होता. मेहुण्यांना सांगितले, शेजाऱ्यांना सांगितले, गालिच्याशेजारी उभ्या असलेल्या सहाशेंपैकी ज्यांचे पत्ते होते त्यांना सांगितले. सगळे हळहळले. "फार वाईट झालं हो पोरीचं," असे म्हणाले. "येतोच एक दिवस," असेही म्हणाले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्या कोणी कोणी एकमेकांना पाठवल्याही.

तीस दिवसांत खोलीत सातजण आले. तिघांना जन्मदाखला हवा होता. दोघांनी मुतारी कुठे आहे ते विचारले. एक पंखा दुरुस्त करायला आला. सातवी कॅप्टन, काठी टेकत, तीन मजले चढून. मास्तर उठला, तिला बाकावर जागा दिली.

"किती आल्या, काका?"

"अजून एक दिवस आहे."

ती बसली. एक वाजला तेव्हा शिपायाने दार लावून घेतले. जाताना ती म्हणाली, "तुम्ही उद्या पण येणार?" तो म्हणाला, "येणार." ती म्हणाली, "मग मी पण येते." दुसऱ्या दिवशीही दोघे एक वाजेपर्यंत बसले.

अहवाल कायम झाला. समितीने शेवटच्या पानावर कृतज्ञतापूर्वक नोंदवले आहे की हरकती शून्य आल्या, म्हणजेच हे निष्कर्ष समस्त नागरिकांना मान्य आहेत. नागरिकांची वेगळी यादी जोडलेली नाही. तिची गरज नव्हती. तुमचे नाव त्यात धरलेले आहे. ते चुकून धरले गेले, त्या तीस दिवसांत तुम्ही गावाला गेला होता, किंवा तुम्हाला हे आत्ताच, ही कथा वाचताना कळले, असे तुमचे म्हणणे असल्यास समितीला ते ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात खोली सातमध्ये आणखी अकरा अहवाल ठेवले जात आहेत, वेळ अकरा ते एक. त्या वेळी तुम्हाला काही महत्त्वाचे काम असेल, हे गृहीत धरून खोलीत खुर्ची एकच ठेवली आहे, आणि तिच्यावर शिपाई बसतो.